मुलगा घरी येईपर्यंतचे तीस दिवस

७ जानेवारी, मंगळवार. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी आलो तर दाराला बाहेरून कुलूप. माझा मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन तो संध्याकाळीच गेला होता. "पप्पा आले की द्या," एवढंच बोलला. काकूंना वाटलं, मित्राकडे अभ्यासाला गेला असेल.

त्या रात्रीपासून ६ फेब्रुवारीला तो घरी येईपर्यंत तीस दिवस गेले. त्या काळात मी दोन जिल्ह्यांच्या बाल कल्याण समित्यांसमोर जाऊन बसलो. सापडलेल्या मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी अशी समिती असते, हेसुद्धा त्याआधी मला माहीत नव्हतं. मोबाईलवर शोधलं तर कायद्याची कलमं सापडली, पण तिथे जाऊन आलेल्या आईबापाने लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहितोय. गाव, शाळा, बालगृह, कुणाचंच नाव यात नाही. बाल न्याय कायदा, २०१५ मधल्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. ते कलम नसतं तरी मी नाव लिहिलं नसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, ती झाकून ठेवली तर पुढचं काही कळणार नाही. ५ जानेवारीला, रविवारी, मी त्याला पट्ट्याने मारलं होतं. तो नऊ दिवस शाळेत गेलाच नाही, असा शाळेतून शनिवारी निरोप आला होता. मी विचारलं, तो बोलला नाही, आणि माझा हात सुटला. पहिल्यांदाच असंही नाही.

रात्री एक वाजता पोलीस ठाण्यात गेलो. तिथे अपहरणाचा गुन्हा नोंदवला, भारतीय न्याय संहिता कलम १३७(२). शब्द ऐकूनच माझे पाय गळाले. ड्युटीवरच्या हवालदारांनी बसवून सांगितलं, अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की अशीच नोंद करतात, सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ पासून तसे निर्देश आहेत. तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या आणि चार झेरॉक्स काढून ठेवा. माझ्याकडे शेवटी एकही उरली नाही.

८ तारखेला दुपारी फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या जंक्शनवर रेल्वे पोलिसांना तो सापडला होता. सुखरूप होता. मी पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसलो. सुपरवायझरनी दोन हजार रुपये हातात ठेवले आणि म्हणाले, "आधी पोराला घेऊन या."

मला वाटलं होतं, आधारकार्ड दाखवायचं, सही करायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. तसं होत नाही. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावंच लागतं, आणि पुढचा निर्णय समितीचा. मी ९ तारखेला सकाळी पोचलो तोवर त्याला हजर करून बालगृहात ठेवलेलं होतं. पोलिसांनाच नव्हे, खुद्द बालगृहाच्या अधीक्षकांनाही त्याला माझ्याबरोबर सोडण्याचा अधिकार नव्हता. हे मला कळायला दोन तास आणि बरीच आरडाओरड लागली. त्या आरडाओरडीची नोंद झाली आणि पुढे ती मला वाचूनही दाखवण्यात आली. संताप येणारच, पण तो फाटकाच्या बाहेर गिळून आत जा.

त्याच दिवशी समिती बसली होती. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी पाच जणांची रचना. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार त्यांना असतात, पण ते कोर्ट दिसत नाही. एक लांब टेबल, साध्या खुर्च्या, भिंतीवर मुलांची चित्रं. अध्यक्ष मॅडमनी माझ्यासमोर पाणी ठेवलं आणि मग सांगितलं, "दादा, तुमचा मुलगा घरी यायला नको म्हणतोय."

मी म्हणालो, तो लहान आहे, त्याला काय कळतंय. ते माझं सगळ्यात चुकीचं वाक्य होतं. मुलाचं वय आणि समज पाहून त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं, हे बाल न्याय कायद्याचं एक मूळ तत्त्व आहे. त्यांचं त्याच्याशी एकट्याशी बोलून झालं होतं, पाठीवरचे वळही त्यांनी पाहिले होते. मला दहा मिनिटं भेटू दिलं. तो खाली बघत बसला. मी त्याच्यासाठी नेलेला स्वेटर त्याने घेतला, घातला मात्र नाही.

मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर तिथली समिती आपल्या जिल्ह्याच्या समितीशी बोलून त्याला इकडे वर्ग करते. म्हणजे पत्रव्यवहार आला. मी रोज फोन करून विचारायचो, रोज उत्तर यायचं, "पत्र पाठवलंय." इकडे म्हणायचे, "मिळालं नाही." १३ तारखेला एका कारकुनाने सांगितलं, तिकडून जावक क्रमांक आणि तारीख घ्या, मग आम्ही शोधतो. क्रमांक दिल्यावर अर्ध्या तासात ईमेल सापडला. जावक क्रमांक मागायला कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही. मला ते पाच दिवस उशिरा कळलं.

१४ ला संक्रांत. तो तिकडे, मी इकडे. तिळगुळाची पुडी आणून मी फळीवर ठेवून दिली.

१७ तारखेला पोलीस सोबत देऊन त्याला आमच्या जिल्ह्यातल्या बालगृहात आणलं. २० ला, सोमवारी, इथल्या समितीसमोर पहिली तारीख. दहाला बोलावलं होतं, नंबर लागला पावणेदोनला. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखेच दहा-बारा जण. कुणाची मुलगी, कुणाचा नातू. एक आजी चौथ्यांदा आल्या होत्या. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. तारखेला जाताना पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी बरोबर ठेवा, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवू नका. उपाशी, चिडलेला माणूस आत जाऊन नीट बोलू शकत नाही.

त्या दिवशी आत पाच मिनिटंच लागली. समितीने सामाजिक तपासणी अहवाल मागवला. तिथले सगळे त्याला एसआयआर म्हणतात. तो पंधरा दिवसांत यावा आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी कायद्यात मुदत आहे. चार महिने ऐकून मी बाहेर येऊन रडलो. आजी म्हणाल्या, "अरे, ती शेवटची मुदत. तू लवकर कागद दे, लवकर होईल."

बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी एक जण भेटला. "हमीपत्राला पाचशेचा स्टॅम्प लागतो, करून देतो, आतपण बोलतो, सगळे मिळून सहा हजार." मी स्टॅम्प आणि टायपिंगचे साडेसातशे दिले. आतल्या बाईंनी तो कागद परत केला. मुलाला नीट सांभाळीन असं पालकाने लिहून द्यायचं ते हमीपत्र. त्याचा नमुना समितीकडेच असतो, तो फुकट आहे आणि त्यांच्यासमोरच सही करायची असते. समितीपुढच्या कामाला कसलीही फी नाही. कुणी 'आत बोलतो' म्हणालं तर पुढे चालायला लागा.

२२ तारखेला जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेलो. १५१०० या हेल्पलाईनवरून तिथला पत्ता मिळाला. मोफत वकील फक्त बायकांना किंवा गरिबांना मिळतो, असा माझा समज होता. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिला आणि मुलं आहेतच, पण औद्योगिक कामगारही आहेत. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं, साधा अर्ज भरला, झालं. समितीसमोर वकील असलाच पाहिजे असं नाही. मला मात्र एका जाणत्या माणसाशी बोलायचं होतं, कारण एक भीती रात्री झोपू देत नव्हती. ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असं मी वाचलं होतं.

वकील मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, मारलं नाही म्हणून सांगू का? त्या म्हणाल्या, "मुलाने सांगितलंय, पाठ त्यांनी पाहिलीय. तुम्ही खोटं बोललात तर तो घरी सुरक्षित राहील यावर कोण विश्वास ठेवेल? गुन्हा होणारच नाही असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. पण त्यांच्यासमोर मुख्य प्रश्न मुलाला कुठे ठेवावं हा आहे." मग त्यांनी मला एक काम दिलं. एका कोऱ्या कागदावर मुलाचा सोमवार लिहायचा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने. आधी जसा होता तसा, आणि शेजारच्या रकान्यात तो घरी आल्यावर जसा असेल तसा.

घरी येऊन लिहायला बसलो. सकाळी सातला त्याला उठवणं. बाराला डबा. मी अडीचला घराबाहेर, तो पाचला शाळेतून घरी. पाच ते साडेअकरा या रकान्यात काय लिहायचं हे मला माहीतच नव्हतं. दोन वर्षं मी सेकंड शिफ्ट करत होतो, आठवड्यातले सहा दिवस, आणि माझं पोर त्या साडेसहा तासांत काय करतं हे मी कधी विचारलं नव्हतं. तो रकाना तसाच मोकळा ठेवून मी झोपलो.

२४ तारखेला गृहभेट झाली. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून समाजसेविका आल्या. मी आदल्या दिवशी घर धुवून काढलं होतं, नवी चादर आणली होती. त्यांनी चादरीकडे पाहिलंही नाही. तो कुठे झोपतो, लाईट गेली तर काय करतो, संडासाची कडी आतून लागते का, त्याची औषधं कोण देतं, मी दारू पितो का, आईचा फोटो कुठे आहे. शेजारच्या काकूंशी त्या मला बाहेर पाठवून बोलल्या, शाळेत वर्गशिक्षकांनाही भेटल्या. दाराच्या मागे खुंटीवर पट्टा होता. त्यांनी विचारलं, "हाच का?" मी हो म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं, पुढे काही बोलल्या नाहीत. तो पट्टा मी आधी काढून ठेवू शकलो असतो. काढला नाही, कारण त्या नजरेने मी तोवर घराकडे पाहिलंच नव्हतं.

जाताना त्यांनी मला माझ्या मोकळ्या रकान्याचं उत्तर दिलं. समुपदेशकांना मुलाने सांगितलं होतं की अंधार पडला की त्याला घरात भीती वाटते, म्हणून तो रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचा. तिथे दिवे असतात, माणसं असतात. अकराच्या सुमाराला घरी येऊन झोपल्याचं सोंग करायचा. खरी झोप मी आल्यावर, बारा-एक वाजता. सकाळी उठवलं की अंग जड, शाळेत डुलक्या, बाईंची बोलणी, मग शाळेच्या वाटेवरूनच माघारी. मी मारलं ते या सगळ्याच्या शेवटी. गाड्यांचं वेळापत्रक त्याला पाठ होतं.

बालगृहात शनिवारी भेट असायची. बाहेरचं शिजवलेलं खायला देता येत नव्हतं, बंद पुडा चालायचा. २५ तारखेच्या भेटीत मी त्याला एवढंच म्हणालो, "तू स्टेशनवर का जायचास ते मला कळलं. मी विचारायला हवं होतं. मारलं ते चुकलं." घरी चल म्हणालो नाही. समुपदेशकांनी बजावलं होतं, त्याच्याकडून काही वदवून घेऊ नका. बराच वेळ तो स्वेटरची चेन वर-खाली करत होता. मग म्हणाला, "काकूंच्या मांजरीला पिल्लं झाली का?"

समुपदेशनाच्या तीन बैठका झाल्या, दोन माझ्या एकट्याच्या, एक दोघांची. तिथलं सगळं लिहिण्यासारखं नाही.

मग कागदांच्या मागे लागलो. जन्मदाखला, दोघांचं आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड, वीजबिल, पत्नीचा मृत्यू दाखला, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आमच्या तिघांचा एक जुना फोटो. हे सगळं दोन दिवसांत जमलं. वेळ खाल्ला तो कंपनीच्या पत्राने. मला फर्स्ट शिफ्ट लेखी हवी होती. तोंडी सगळे हो म्हणत होते, लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. पाच दिवस मी एचआरच्या दाराशी उभा राहिलो. शेवटी सहा महिन्यांसाठी सात ते तीन, असं चार ओळींचं पत्र मिळालं. सेकंड शिफ्टचा भत्ता गेला, महिन्याला अठराशे रुपये. माझी मोठी बहीण गावाहून यायला तयार झाली. तिने एका वाक्यात विषय संपवला, "तू आधीच फोन का नाही केलास?" तिचंही आधार आणि संमतीपत्र फाइलला लावलं. फाइल करताना मूळ कागद वेगळ्या पिशवीत, झेरॉक्सचे तीन संच, आणि सगळ्यात वर एका पानावर तारखांची यादी. मला बोलताना तारखा आठवत नव्हत्या, त्या पानाने वाचवलं.

३ फेब्रुवारीची तारीख वाया गेली. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर लागतात, त्या दिवशी दोघंच होते. बहीण गावाहून रात्रभर प्रवास करून आली होती. तिथल्या बाईंनी सुचवलं, आदल्या दिवशी फोन करून विचारत जा. त्यांचं बरोबर होतं, पण त्या क्षणी ते ऐकवत नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. चार सदस्य होते. मी रात्रभर एक भाषण पाठ केलं होतं, आईविना वाढवलेलं पोर, माझे कष्ट, वगैरे. त्यातला एकही शब्द लागला नाही. अध्यक्षांनी अहवाल मिटला आणि विचारलं, "येत्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता तो कुठे असेल?"

मी तो कागद पुढे केला. तीनला माझी सुट्टी, साडेतीनला घरी. पाचला शाळेच्या फाटकावर मी. सातला घरात मी, तो आणि त्याची आत्या. साडेनऊला झोप, खोलीतला छोटा दिवा चालू. एका सदस्यांनी विचारलं, बहीण गावी गेली तर? शेजारच्या काकूंचं लेखी होतं, ते दिलं. सहा महिन्यांनी शिफ्ट बदलली तर? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी खरं तेच सांगितलं, की मुदत संपायच्या दोन महिने आधी पुन्हा अर्ज करीन आणि नाही मिळाली तर समाजसेविकांना कळवीन. मारण्याबद्दल विचारलं तेव्हा किती वेळा, कधी, कशाने, तेही सांगितलं. आवाज फुटत नव्हता, पण सांगितलं. बहिणीला त्यांनी वेगळे प्रश्न विचारले. मग मुलाला आत बोलावलं आणि आम्हाला बाहेर.

ती वीस मिनिटं गेली. दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगात तो स्वेटर होता.

आदेश झाला, मुलाला वडिलांच्या ताब्यात द्यावं, सहा महिने देखरेख, महिन्याला एक गृहभेट आणि समुपदेशन चालू. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येतं, हेही त्यांनी वाचून दाखवलं. प्रत हातात पडली की तिथेच उभं राहून नाव आणि जन्मतारीख तपासा. आमच्यात त्याच्या आडनावाची वेलांटी चुकली होती. लगेच दुरुस्त करून मिळाली, नाहीतर पुन्हा एक फेरी. तीच प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. गुन्ह्याच्या कागदांसाठी साध्या कपड्यातल्या बाईंनी त्याचा जबाब घेतला. शाळेलाही एक झेरॉक्स द्यावी लागली. माझी अकरा दिवसांची बिनपगारी रजा झाली. प्रवास, झेरॉक्स, फोटो आणि त्या स्टॅम्पचे मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. सुपरवायझरांचे दोन हजार मार्चमध्ये फेडले.

घरी पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. ताईने दिवाबत्ती करून ठेवली होती. फळीवरची तिळगुळाची पुडी त्याने आल्याआल्या शोधून काढली. जेवताना विचारलं, "उद्या किती वाजता येणार?"

"साडेतीनला."

"नक्की?"

"कंपनीचं पत्र आहे," मी म्हणालो.

त्याने ते दाखवायला सांगितलं. मी फाइलमधून काढून दिलं. हात धुऊन येऊन त्याने ते दोनदा वाचलं, खालची सही आणि शिक्का पाहिला, घडी घातली आणि स्वतःच्या दप्तरात ठेवलं.